एका चित्रकाराचे औंध

चित्रकार माधव सातवळेकर यांचे बालपण ज्या औंधात गेले, ते गाव सातारा जिल्ह्याच्या खटाव तालुक्यात आजही जागच्या जागी आहे. मात्र त्यांच्या घराला ज्याचा आधार होता ते औंध संस्थान, म्हणजे इंग्रजी अमलाखाली पंतप्रतिनिधी घराण्याने चालवलेले छोटे राज्य, १९४८ साली संपले. या संस्थानाचा मुलूख सलग नव्हता. औंध साताऱ्याकडे, तर आटपाडी आणि कुंडल आजच्या सांगली जिल्ह्यात.

माधवरावांचे वडील श्रीपाद दामोदर सातवळेकर वेदांचे भाष्यकार म्हणून सर्वांना ठाऊक आहेत, पण मुळात ते जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेले आणि लाहोरला स्टुडिओ थाटून व्यक्तिचित्रे रंगवणारे चित्रकार होते. औंधला आल्यावर त्यांनी स्वाध्याय मंडळ उभारले आणि वेदांच्या संहिता, म्हणजे मंत्रांचे मूळ पाठ, शुद्ध करून छापण्याचे काम तेथून चालवले. त्यामुळे १९१५ साली जन्मलेल्या त्यांच्या मुलाला चित्रकाराचा हात आणि पाठशोधकाची नजर एकाच माणसात पाहायला मिळाली.

राजाही चित्रकारच होता. भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी रामायणावर चित्रमालिका रंगवून ती १९१६ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली, आणि औंधच्या मूळपीठाच्या डोंगरावर १९३८ साली उभारलेल्या श्रीभवानी संग्रहालयात राजा रविवर्म्याच्या चित्रांबरोबरच इंग्रज शिल्पकार हेन्री मूरचे ‘माता आणि मूल’ हे शिल्पही आणून ठेवले. त्या काळच्या खटावात मूरचे शिल्प यावे, ही गोष्ट आजही थक्क करते. कुंडलच्या माळावर १९१० साली ज्यांना या संस्थानाने नांगरांच्या कारखान्यासाठी जागा दिली ते लक्ष्मणराव किर्लोस्करही जे. जे.चेच विद्यार्थी, रंग नीट ओळखता येत नसल्याने चित्रकला सोडून ते यंत्ररेखाटनाकडे, म्हणजे यंत्राच्या भागांचे मापबरहुकूम आराखडे काढण्याकडे, वळले होते. हातात पेन्सिल धरणाऱ्या माणसाला येथे, मग तो देव रंगवो की नांगर आखो, प्रतिष्ठा होती, आणि माधवरावांचे खरे घर ही प्रतिष्ठाच होती, असे म्हणणे वावगे ठरू नये.

३० जानेवारी १९४८ च्या गांधीहत्येनंतर सातारा-सांगली भागात ब्राह्मणांच्या घरांची जाळपोळ झाली, मार्चमध्ये संस्थान विलीन झाले, आणि त्याच वर्षी ऐंशी वर्षांचे श्रीपाद सातवळेकर स्वाध्याय मंडळासह गुजरातेत पारडीला गेले. विलीनीकरण योग्यच होते; ज्या राजाने १९३९ सालीच प्रजेच्या हाती कारभार सोपवणारी राज्यघटना स्वीकारली होती, त्यालाही ते परके वाटण्याचे कारण नव्हते. हळहळ वाटते ती जाळपोळीची आणि तिच्यामागोमाग उठून गेलेल्या त्या शेजाराची, कारण संग्रहालयातील चित्रे जपता आली तरी चित्रकार, संशोधक आणि कारखानदार यांना एकाच दरबारात आणणारी ती वहिवाट जपता आली नाही.

मुंबईत आणि युरोपात शिकलेले माधवराव पुढे महाराष्ट्राचे कला संचालक झाले. शालेय मुलांच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षा ज्या कला संचालनालयामार्फत होतात, त्याच्या प्रमुखपदी औंधच्या आश्रयात वाढलेला माणूस बसला, आणि खटाव-आटपाडीच्या मुलांपर्यंत रंगपेटी पोहोचवण्याचे जे काम एकेकाळी राजाच्या मर्जीवर होते, ते आता सरकारी खात्याचे झाले.