डावीकडे भूगोल, उजवीकडे साहित्य, मधे रिसोड

‘लाँग वीकएंडला कुठे?’ या प्रश्नाला ‘रिसोड’ असं उत्तर देऊन बघा. समोरचा आधी भुवया उंचावतो, मग हळूच मोबाइलवर नकाशा उघडतो. साहजिक आहे. इथे समुद्र नाही, हिलस्टेशन नाही, ‘टॉप टेन’च्या कुठल्या यादीत नाव नाही. वाशीम जिल्ह्यातलं हे तालुक्याचं गाव. जिल्हाही तसा तरुणच, १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झालेला. गावाला रेल्वे नाही. बाजारपेठ, पिंगळाक्षी देवीचं देऊळ, गजबजलेलं एसटी स्टँड आणि चारी बाजूंनी काळी जमीन. डिसेंबरात सोयाबीन निघून गेलेलं असतं, तूर डोक्याएवढी उभी असते आणि हरभरा नुकता हिरवागार झालेला असतो. गावाचं जुनं नाव ‘ऋषिवट’ होतं, असं इथले लोक सांगतात.

मग इथे जायचं कशाला? तर क्लासला बसायला!

थांबा, पान उलटू नका. पुण्यातली पाच घरं, त्यांची सात मुलं, वयं तेरा ते सोळा. यातलं एकही मूल शाळेत जात नाही. होमस्कूलिंग म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर एकटं, जरा जास्तच हुशार आणि जरा विचित्र पोर येतं. या पाच घरांनी त्यावर काढलेला उपाय एकदम मराठी आहे: शिकवण्याची भिशी. दर शनिवारी एका घरी सगळे जमतात. ज्याला जे येतं ते त्याने सगळ्यांच्या मुलांना शिकवायचं. आयटीतल्या एका बाबांना कवितेचं वेड, ते साहित्य घेतात. एक आई जिऑलॉजी शिकलेली, तिच्याकडे भूगोल. खर्च पाच ठिकाणी वाटला जातो, त्याची एक्सेल शीट असते. परदेशात याला ‘को-ऑप’ म्हणतात, ही मंडळी नुसतंच ‘शनिवार’ म्हणतात. वर्षातून एकदा हा शनिवार चार दिवसांचा होतो आणि गावाबाहेर पडतो. या वेळी मी त्यांच्यासोबत गेले.

तुमचा पुढचा प्रश्न मला माहीत आहे. मी पहिल्याच चहाला तोच विचारला होता. हे चालतं का? शिक्षण हक्क कायदा २००९ चा. १ एप्रिल २०१० पासून तो लागू झाला आणि सहा ते चौदा वयाच्या मुलांचं शिक्षण सक्तीचं झालं. घरी शिकवण्याबद्दल मात्र त्यात स्पष्ट तरतूद नाही, ना परवानगीची ना बंदीची. परीक्षेचा रस्ता त्यामानाने सोपा आहे. १९८९ मध्ये सुरू झालेलं राष्ट्रीय मुक्त विद्यालय, म्हणजे आजचं एनआयओएस, चौदा वर्षं पूर्ण झालेल्या मुलाला दहावीला बसू देतं. पाच विषय, त्यात किमान एक भाषा, परीक्षा वर्षातून दोनदा. आपल्या राज्य मंडळाचा सतरा नंबरचा फॉर्मही आहेच, कित्येकांच्या मामा-मावश्यांनी तो भरलेला असतो. थोडक्यात, मार्कशीट मिळते. प्रश्न मार्कशीटचा नाहीच, पण त्याकडे आपण शेवटी येऊ.

रिसोडच का, याचं उत्तर भूगोलवाल्या मावशींनी नकाशावर बोट ठेवून दिलं. ‘हे बघ, मधे रिसोड. डावीकडे तासाभरावर लोणार. उजवीकडे तासाभरावर वाशीम. म्हणजे डावीकडे भूगोल, उजवीकडे साहित्य आणि रात्री झोपायला रिसोड.’ इतका सोपा आयटिनररी मी आजवर पाहिलेला नाही.

पहिला दिवस डावीकडचा. लोणारचं विवर तुम्ही फोटोत पाहिलं असेल. कडेवर उभं राहिलं, की फोटो किती कुचकामी असतो ते कळतं. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाची प्रचंड वाटी, तळ दीडेकशे मीटर खाली आणि तळाशी हिरवट पाणी. अशनी येऊन आदळली ती बेसाल्टवर, म्हणजे ज्या काळ्या दगडावर आपला निम्म्याहून जास्त महाराष्ट्र उभा आहे त्यावर. वयाबद्दलची गोष्ट मजेदार आहे. बरीच वर्षं हे विवर साधारण ५० हजार वर्षांचं मानलं जायचं. पुढे आर्गॉन पद्धतीने वय काढलं, तर ते निघालं सुमारे ५ लाख ७० हजार! मावशींनी मुलांना दोन्ही आकडे दिले आणि विचारलं, ‘पुस्तकात छापलेलं बदललं, तर पुस्तक खोटं होतं का?’ त्यावर खाली उतरेपर्यंत भांडण चाललं. मधल्या एका माकडानेही बहुधा मत दिलं.

काठावर पीएच पट्टी बुडवली, ती गडद निळी झाली. पाणी खारं आहे आणि क्षारयुक्तही. जून २०२० मध्ये हेच पाणी गुलाबी झालं होतं, तेव्हा मेसेजेसचा पूर आला होता, आठवतं? पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने त्याचा छडा लावला. खारटपणा वाढला, की वाढणारे हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्मजीव याला कारण होते. त्याच वर्षी लोणारला रामसर पाणथळीचा दर्जाही मिळाला. अभयारण्य असल्यामुळे दगड उचलून आणायचे नाहीत, फक्त काढायचे, वहीत, पेन्सिलने. सात वह्यांत सात वेगळी विवरं उमटली.

परतीच्या वाटेवर मावशींनी गाडी थांबवून टोपोशीट बॉनेटवर पसरली. या जिल्ह्याच्या पाण्याची एक गंमत आहे. काटेपूर्णा इथे उगवते, उत्तरेला पूर्णेला मिळते, पूर्णा तापीला, म्हणजे ते पाणी अरबी समुद्रात. पैनगंगा रिसोड तालुक्यातून जाते, पुढे वर्धेला मिळते, तिथून प्राणहिता, मग गोदावरी, म्हणजे हे पाणी बंगालच्या उपसागरात. एकाच जिल्ह्यात पडलेला एकच पाऊस, दोन थेंबांचे दोन समुद्र. मी भूगोल दहावीनंतर सोडला होता. त्या बॉनेटपाशी पहिल्यांदा ‘जलविभाजक’ हा शब्द मला दिसला, म्हणजे डोळ्यांनी दिसला.

दुसरा दिवस उजवीकडचा. वाशीम म्हणजे जुनं वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्याचा दाता वराहदेव हा याच शाखेच्या हरिषेण राजाचा मंत्री. शाखेचा संस्थापक सर्वसेन राजा तर होताच, कवीही होता. प्राकृतात त्याने ‘हरिविजय’ नावाचं काव्य लिहिलं. ते आज उपलब्ध नाही. नंतरच्या साहित्यशास्त्राच्या ग्रंथांतले उल्लेख आणि उतारे तेवढे उरलेत. पद्मतीर्थाच्या पायऱ्यांवर बसून कवितावाल्या काकांनी मुलांना काम दिलं: जे काव्य हरवलंय, त्याच्याबद्दल आपण नक्की काय म्हणू शकतो आणि काय म्हणू शकत नाही? एक पान, अर्धा तास. हा प्रश्न मला मास कॉमला कुणीतरी विचारायला हवा होता. निम्मी पत्रकारिता त्यात आली.

मग ताम्रपट आला. १९३९ मध्ये वाशीमला दुसऱ्या विंध्यशक्तीचे ताम्रपट मिळाले. त्यात राजाची वंशावळ संस्कृतात आणि दान दिल्याचा प्रत्यक्ष मजकूर प्राकृतात. चौदा वर्षांचा एक पोरगा चटकन म्हणाला, ‘म्हणजे लेटरहेड इंग्लिशमध्ये आणि खाली काम मराठीत!’ ऑफिसात बसणाऱ्या तुम्हा-आम्हाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

पण वाशीमची खरी मेजवानी राजशेखराकडे आहे. इसवी सन ९०० च्या आसपासचा हा पंडित. त्याच्या ‘काव्यमीमांसा’ या ग्रंथात एक गोष्ट आहे. सरस्वतीचा मुलगा काव्यपुरुष रुसून भटकायला निघतो. गौरी त्याच्यासाठी साहित्यविद्या नावाची वधू निर्माण करते. ती त्याच्या मागे मागे पूर्वेला जाते, मग पांचालात, अवंतीत, दक्षिणेत. जिथे जाईल तिथला वेश, तिथलं नाचणं, तिथली बोलण्याची रीत ती घेते आणि त्याचा रुसवा थोडा थोडा उतरत जातो. शेवटी त्यांचं लग्न लागतं, ते विदर्भातल्या वत्सगुल्मात! म्हणजे काव्याचं आणि साहित्याचं लग्न आपल्या वाशीमला लागलंय. आणि याच ग्रंथात पुढे देशविभागावर एक अख्खा अध्याय आहे: कुठल्या दिशेला कुठला प्रदेश, कुठला डोंगर, कुठली नदी. कवीला भूगोल यायलाच हवा, हे राजशेखराने हजार वर्षांपूर्वी सांगून टाकलं. आपण मात्र मराठीचा तास वेगळा आणि भूगोलाचा वेगळा करून मधे घंटा बसवली.

हे सगळं भारी वाटतं ना? मलाही वाटत होतं. त्या संध्याकाळी रिसोडला, जिथे उतरलो होतो त्या घरी, रोडगे आणि वांग्याच्या भाजीचा बेत होता. घरातली नववीतली मुलगी वाढायला मदत करत होती. ती जवळच्या खेड्यातल्या मामेबहिणीबद्दल सांगत होती. ती बहीण रोज एसटीने रिसोडला शाळेत येते. मुलींना पास मोफत असतो, म्हणून तर घरचे पाठवतात. गाडी चुकली, की दिवस गेला. मग तिने आमच्यातल्या सोळा वर्षांच्या मुलीला सरळ विचारलं, ‘शाळाच नाही तं मंग चुकलं म्हून कोन सांगते तुले?’

टेबलावर एकदम शांतता. पुण्याची मुलगी म्हणाली, ‘आई सांगते. नाहीतर काका.’ रिसोडची हसली. ‘थे तं घरचेच झाले ना!’

तिने खोचून काही म्हटलं नव्हतं, पण प्रश्न नेमका बसला होता. या मुलीची एनआयओएसची दहावी झाली आहे आणि पुढे काय, यावरून घरात दोन तट आहेत. आईला आता रेग्युलर कॉलेज हवंय, बाबांना शनिवार पुरेसा वाटतो, आणि मुलीला विचारलं तर ती खांदे उडवते. रात्री अंगणात ती मला म्हणाली, ‘मला अभ्यासाची भीती नाही वाटत, ताई. पण मी खरंच चांगलं लिहिते, की सगळे माझ्यावर प्रेम करतात म्हणून चांगलं म्हणतात, हे मला कळत नाही.’

शाळेत न जाता शिकलेल्या मुलीचं आपल्याकडचं सर्वांत मोठं उदाहरण म्हणजे पंडिता रमाबाई. जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे, आई लक्ष्मीबाई. घर पाठीवर घेऊन तीर्थामागून तीर्थ असा पायी प्रवास, आणि त्या प्रवासातच आईकडून संस्कृत. साहित्य आणि भूगोल एकदमच म्हणा ना! पण रमाबाईंना ‘पंडिता’ ही पदवी घरच्यांनी दिली नाही. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांची परीक्षा घेतली, मग दिली. आणि पुढे १८८९ मध्ये याच बाईंनी मुंबईत काय काढलं? शाळा! शारदा सदन.

काकांनी दुसऱ्या दिवशी ती वाशीमची सात पानं उचलली आणि रिसोडमधल्या एका निवृत्त मराठीच्या सरांकडे नेऊन दिली. सरांनी लाल पेन काढलं. कुणाच्या ऱ्हस्व-दीर्घाची दया नाही. सोळा वर्षांच्या त्या मुलीच्या पानाखाली त्यांनी लिहिलं: ‘पहिला परिच्छेद काढून टाक. तिथे तू मला खूश करते आहेस. लेखन दुसऱ्यापासून सुरू होतं.’ ती ते पान घेऊन बराच वेळ गच्चीवर बसली. खाली आली तेव्हा पहिला परिच्छेद खोडलेला होता. तेव्हापासून शनिवारचा एक नवा नियम झालाय: महिन्यातून एक निबंध घराबाहेरच्या, ओळख नसलेल्या माणसाने तपासायचा. कॉलेजचा निर्णय मी लिहीत असेपर्यंत झालेला नाही.

मला विचाराल, तर शाळा सोडणं ही चैन आहे. ज्या घरात दोन पगार आणि एक टोपोशीट वाचणारी आई आहे, तिथेच ती परवडते. २०१८ मध्ये केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत महाराष्ट्रातले चार होते, त्यात वाशीम एक. इथे शाळा म्हणजे गावाबाहेर जाणारी गाडी, ती कोण सोडेल? पण ती नववीतली मुलगीही तासाभरावरचं लोणार एकदाच, सहलीत पाहून आलीय, तेही वीस मिनिटं. दोघींकडे अर्धं अर्धं आहे. एकीकडे विवर, दुसरीकडे लाल पेन.

आपलं काय? आपली शाळा कधीच सुटली. आता लाल पेन फक्त अप्रेझलला येतं. पण एका लाँग वीकएंडला भूगोल आणि साहित्याच्या मधे मुक्काम करायला वयाची अट नाही.

कसं जाल?
मुंबईहून समृद्धी महामार्ग (जून २०२५ पासून पूर्ण खुला) धरून मेहकरला बाहेर पडा, पुढे रिसोड. पुण्याहून छत्रपती संभाजीनगर, जालना, मेहकर. रेल्वेने आलात तर अकोला-पूर्णा मार्गावरचं वाशीम स्टेशन, तिथून एसटी.

काय न्याल?
चांगले बूट, पाण्याची बाटली, वही. पेन शक्यतो लाल.