संगणकाचा रुसवा

गतवर्षीच्या पावसाळ्यांत रोह्याजवळील निडी गांवीं आमच्या घरच्या संगणकानें विलक्षण रुसवा धरला. लिहितां लिहितां पडदा निळा व्हावा आणि यंत्र आपोआप पुन्हां सुरू व्हावें. कधीं तासाभरानें, कधीं पांच मिनिटांत! एके रात्रीं आमचा अर्धा लिहिलेला निबंध असाच नाहींसा झाला. त्याच्या खेळांमुळेंच हें घडतें, असें ठरवून आम्हीं धाकट्या बंधूस यंत्राजवळ येण्यास बंदी केली. रुसवा मात्र कायम राहिला.

मग आम्हीं क्रमानें शोध आरंभिला. एका वेळीं एकच गोष्ट बदलावयाची व ती वहींत टिपावयाची, हा नियम केला. पंख्यावरील धूळ काढिली. गुण आला नाहीं. नंतर वीज तोडून पेटी उघडली व रॅमच्या दोन पट्ट्यांपैकीं एक काढून ठेविली. तीन दिवस यंत्र निर्वेध चाललें. काढलेली पट्टी एकटीच लावितांच पुन्हां निळा पडदा! तिच्या सोनेरी कडेवर पुट चढलें होतें. बंधूनेंच दप्तरांतील खोडरबर आणून दिला. कड हलकेंच पुसून पट्टी घट्ट बसविली. दोष दूर झाला.

अमेरिकेंत ९ सप्टेंबर १९४७ रोजीं हार्वर्डच्या ‘मार्क २’ गणकयंत्रांत एक पतंग सांपडला. तेथील मंडळींनीं तो नोंदवहींत चिकटवून ठेविला. आमच्या वहींतील अखेरची नोंद बंधूची मागितलेली क्षमा ही आहे. बालमित्रहो, आधीं पुरावा पाहावा, मग दोष द्यावा.