आमच्या खांद्याची परीक्षा

शिक्षकी पेशात परीक्षा घेण्याची सवय जडते. देण्याचा प्रसंग पन्नाशीनंतर सहसा येत नाही. आमच्यावर तो आला, आणि तोही उजव्या खांद्यामुळे.

अणशीचा पाऊस ज्यांनी अनुभवला आहे त्यांना निराळे सांगणे नको. गतवर्षी १५ ऑगस्टच्या सकाळी अशाच पावसात शाळेच्या पटांगणात ध्वजाची दोरी ओढण्यासाठी आम्ही हात वर केला, आणि खांद्यात अशी कळ उठली की डोळ्यांपुढे काजवे चमकले. दोरी डाव्या हाती घेऊन वेळ निभावली. पुढे दीड-दोन महिन्यांत फळ्याच्या वरच्या ओळीपर्यंत हात पोचेना, सदऱ्याच्या बाहीत हात घालणे हे एक कर्मकांड होऊन बसले, आणि रात्री त्या कुशीवर निजणे अशक्य झाले. ज्याचे आयुष्य फळ्यावर लिहिण्यात गेले, त्याला फळाच परका होतो की काय, हे भय आम्ही कोणापाशी बोललो नाही. कोणी तेल सुचविले, कोणी शेक. कोणी ‘वय झाले’ म्हणून मोकळे झाले.

अखेर घाट उतरून, कद्र्यावरून आम्ही कारवार गाठले. तेथील डॉक्टरांनी तपासून एका फिजिओथेरपिस्ट बाईंकडे पाठविले. वयाने त्या आमच्या विद्यार्थिनी शोभतील अशा. ही विद्या आपल्या देशात रुजली ती १९५० नंतरच्या दशकाच्या प्रारंभी, मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात, पोलिओने पंगू झालेल्या मुलांच्या निकडीतून, एवढे आमच्या वाचनात होते. परंतु या मंडळींचे काम व्यायाम करवून घेण्याचे, निदान करावे ते यंत्राने, अशीच आमची समजूत होती.

बाईंनी प्रथम हात लावलाच नाही, प्रश्न विचारले. दुखणे कधीपासून? पडझड झाली होती का? रात्री जाग येते का? बोटांना मुंग्या येतात का? चढ चढताना छाती भरून येते का? ताप, वजन घटणे असे काही? खांद्याच्या चौकशीत छातीचे काय काम, असे आम्ही विचारले. त्या म्हणाल्या, “सर, खांदा दुखतो म्हणजे दुखणे खांद्यातच असते असे नाही. हृदयाचे दुखणे खांद्यात उमटते, पित्ताशयाचेही उमटते, आणि मानेतली नस दबली तरी माणूस खांद्यावरच हात ठेवतो. ते आधी वगळायला हवे.” मग मान चहूकडे वळवून पाहिली. मानेने कळ उठली नाही; मान सुटली.

पुढे त्यांनी दोन्ही हात वर करावयास सांगितले. डावा कानाशी भिडला. उजवा खांद्याच्या पातळीखालीच अडला, आणि त्याची उणीव भरून काढण्यासाठी खांदा तेवढा कानाकडे उचलला गेला. नंतर कोपरे कमरेशी टेकवून, दाराच्या दोन फळ्या उघडाव्यात तसे दोन्ही हात बाहेर फिरवावयाचे. डावी फळी उघडली, उजवी जेमतेम किलकिली झाली. आता बाईंनी आमचा हात सैल सोडावयास सांगून तो स्वतः हलकेच फिरविला. तरीही तो तेथेच अडला. मात्र त्यांच्या तळव्याविरुद्ध जोर लावला तेव्हा ताकद शाबूत होती.

“स्वतः हलवता येत नाही, पण दुसऱ्याने हलवला तर हलतो, तेव्हा दोष बहुधा स्नायूंचा किंवा त्यांच्या कंडरांचा असतो,” त्या म्हणाल्या. “दुसऱ्यानेही हलत नाही, तेव्हा सांधाच आखडलेला असतो.” सांध्याभोवतीचे वेष्टन आवळून जाते, तोच हा ‘फ्रोझन शोल्डर’. अमेरिकन शल्यविशारद कॉडमन यांनी १९३४ साली दिलेले हे नाव. सांध्याच्या झिजेनेही हात असाच अडतो, म्हणून डॉक्टरांकडून एक्स-रे काढविला. तो निर्दोष निघाला. मधुमेह असणाऱ्यांना हे दुखणे अधिक होते, म्हणून बाईंनी रक्तातील साखर तपासण्याचा आग्रह धरला. ती वाढलेली निघाली. खांद्याच्या निमित्ताने हा दुसरा पाहुणा उघडकीस आला, नाही तर तो किती वर्षे गुपचूप घरात राहिला असता कोण जाणे!

घरी आल्यावर नव्या विद्येचे प्रदर्शन करण्याचा मोह आम्हांस आवरला नाही. सौभाग्यवतीस समोर उभे करून हात फिरवावयास सांगितले. दाराच्या फळ्या दोन्ही उघडल्या. मग बाजूने हात वर करावयास सांगितला. तो अर्ध्या वाटेवर आला आणि तिच्या चेहऱ्यावर आठी उमटली. आणखी वर गेल्यावर ती विरली.

“हे केव्हापासून?”

“दोन पावसाळे झाले असतील.”

“आणि बोलली नाहीस?”

“अहो, वरच्या फळीवरचे डबे मी खाली आणले, तेव्हा स्वयंपाकघरात पसारा झाला म्हणून तुम्हीच रागावला होता.”

आम्ही निरुत्तर झालो. मुलांच्या उत्तरपत्रिकांत एका मात्रेची चूक हुडकणाऱ्या आमच्या नजरेला, घरातले डबे फळी का बदलतात हा प्रश्न पडला नव्हता.

पुढच्या खेपेस तिलाही नेले. तिचा हात बाईंनी उचलला तेव्हा पूर्ण वर गेला. स्वतः उचलताना मात्र साधारण ६० ते १२० अंशांच्या दरम्यान दुखे, आणि जोर लावताना कळ येऊन हात ढिला पडे. दोष सांध्याचा नव्हता. त्याला खोबणीत सावरून धरणाऱ्या चार स्नायूंच्या कंडरांचा होता. एकाच चाचणीवर विसंबू नये म्हणून बाईंनी तीन-चार करून पाहिल्या. “एमआरआय काढू या का?” असे आम्ही विचारले. त्या म्हणाल्या, उतारवयात न दुखणाऱ्या खांद्यांतही चिरलेल्या कंडरा पुष्कळ वेळा दिसतात. चित्रातले दिसणे आणि माणसाचे दुखणे यांचा मेळ तपासणीनेच घालावा लागतो. व्यायामाने उतार पडला नाही, तर पुढे पाहू.

एकाच घरात एकाच जागी दुखणारे दोन खांदे, आणि दुखणी दोन. एकाच बाटलीतले तेल आम्ही दोघांनी चोळले असते, तर तिच्या खांद्याचा आजार तिच्यापाशीच राहिला असता आणि आमची साखर आमच्यापाशी. गोठलेला खांदा सुटावयास महिने, कधी वर्षेही लागतात. यंदाच्या १५ ऑगस्टला दोरी आम्ही उजव्या हाताने ओढली. हात पुरता वर गेला नाही, पण ध्वज गेला. सौभाग्यवतीचा हातही आता पुष्कळ हलका झाला आहे. डबे अद्याप खालच्या फळीवरच आहेत, आणि त्यांविषयी आम्ही एक अक्षर काढीत नाही.