पायांचे पहारेकरी

खूप वेळ मांडी घालून बसलात आणि एकदम उठलात, की काय होतं? पायाला मुंग्या येतात! पाय जणू आपला नाहीच असं वाटतं. जमिनीला टेकला तरी टेकल्याचं कळत नाही. मग आपण पाय झटकतो, लंगडतो, हसतो आणि दोन मिनिटांत सगळं ठीक होतं.

पण समजा, त्या मुंग्या गेल्याच नाहीत तर?

काही माणसांच्या बाबतीत असं खरोखरच घडतं. रक्तातली साखर पुष्कळ वर्षं वाढलेली राहिली, म्हणजेच मधुमेह आटोक्यात राहिला नाही, तर चेतातंतूंना इजा होऊ शकते. चेतातंतू म्हणजे आपल्या शरीरातल्या तारायंत्राच्या तारा. 'इथं टोचलं', 'इथं भाजलं' हे निरोप मेंदूकडे नेणं हे त्यांचं काम. कमरेपासून पायाच्या बोटांपर्यंत जाणारे तंतू सर्वांत लांब, मोठ्या माणसात जवळजवळ एक मीटर! म्हणूनच हा त्रास बहुधा पायाच्या बोटांपासून सुरू होतो. कुणाच्या तळव्यांची आग होते, कुणाला सुया टोचल्यासारखं वाटतं, तर कुणाला काही जाणवतच नाही.

"दुखत नाही, मग बरंच की!" असं म्हणाल तुम्ही. पण दुखणं हा आपला पहारेकरी आहे. तो झोपला, की चोराचं फावतं.

माझ्या वडिलांचंच सांगते. त्यांना वीस वर्षं मधुमेह आहे. एकदा ते बाजारातून फिरून आले आणि ओट्यावर टेकले. माझी तिसरीतली लेक ओरडली, "आजोबा, तुमच्या पायाला रक्त!" पाहतो तर काय, चपलेत एक टोकदार खडा! सबंध बाजारभर तो अंगठ्याखाली रुतत होता. "मला कळलंच नाही गं," बाबा म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावरची भीती मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली.

डॉक्टरांनी जखम धुतली, पट्टी बांधली. पुढे त्यांनी एक साधीशी तपासणी केली. नायलॉनचा एक बारीक धागा असतो. तो तळव्यावर टेकवून १० ग्रॅमचा दाब पडला, की वाकतो. बाबांना डोळे मिटायला सांगून डॉक्टर विचारत होते, "आता कळलं? आता?" बाबा बराच वेळ गप्पच होते.

जखम भरायला दीड महिना लागला. पण बाबा घाबरले ते घाबरलेच. पाऊल नीट पडतंय की नाही ते कळेना, अंधारात तोल जाईना का, अशी धास्ती. पारावर जाणं बंद झालं. दिवसभर खुर्ची एके खुर्ची!

तोल का जातो, ते तुम्ही करून पाहा. मोठं माणूस जवळ असू द्या. भिंतीशी उभं राहून एक पाय उचला. जमलं? आता डोळे मिटा. डुगडुगलात ना? आपला तोल डोळे, कानाच्या आतला भाग आणि पावलांकडून येणारे निरोप असे तिघं मिळून सांभाळतात. बाबांच्या पावलांचे निरोपच पुसट झालेत. म्हणून त्यांनी उभ्यानं काही करताना डोळे मिटायचे नाहीत.

डॉक्टरांच्या परवानगीने आम्ही योगासनं शिकवणाऱ्या बाईंना बोलावलं. बाबा म्हणाले, "आता या वयात डोक्यावर उभं करणार की काय मला?" बाई हसल्या आणि म्हणाल्या, "आजोबा, तुमची खुर्चीच आपली शाळा." पुण्याचे योगाचार्य बी. के. एस. अय्यंगार (१९१८–२०१४) यांनी खुर्ची, पट्टा, लाकडी ठोकळे, भिंत यांच्या आधाराने आसनं करण्याची पद्धत जगभर पोहोचवली. आजारी आणि वयस्क माणसांना तिचा फार उपयोग होतो.

आता रोज सकाळी पंधरा मिनिटं बाबांचा वर्ग भरतो. लेक आधी जमीन झाडते. टाचणी नको, खडा नको. खुर्ची भिंतीला टेकवलेली. पाठ ताठ ठेवून सावकाश श्वास. मग टाचा टेकवून चवडे वर, चवडे टेकवून टाचा वर. घोटे गोल फिरवायचे. एकेक पाय समोर सरळ करायचा. मग खुर्चीची पाठ धरून ताडासन. टाचा उचलायच्या नाहीत, नुसतं ताठ उभं राहायचं, नजर समोर. शेवटी शवासन. उठताना आधी कुशीवर, मग बसायचं, थोडं थांबायचं, मगच उभं राहायचं. श्वास कोंडायचा नाही. घाम फुटला, थरथरल्यासारखं झालं, तर लगेच थांबायचं. साखर कमी झाली असेल म्हणून ग्लुकोजची पूड हाताशी ठेवलेलीच असते.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगते. योगासनांनी बाबांच्या पायांतली जाणीव परत आलेली नाही. गोळ्या चालू आहेत, पथ्य चालू आहे. ती कुणीही मनाने बंद करायची नाहीत. पण हालचालीने साखर आटोक्यात ठेवायला मदत होते, सांधे मोकळे राहतात, पायांत बळ येतं. आणि मनातली भीती कमी होते. चार महिन्यांनी बाबा काठी घेऊन पारावर गेले. दहा मिनिटंच बसले. पण आल्यावर तासभर तिथल्याच गप्पा सांगत होते!

आता तुमचं काम. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार आपल्या देशात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह आहे. म्हणजे तुमच्या घरी, नाहीतर शेजारी कुणीतरी असणारच. वयस्कर माणसांना वाकून स्वतःचे तळवे पाहता येत नाहीत, डोळेही अधू झालेले असतात. तुमचे डोळे मात्र लख्ख आहेत! रोज संध्याकाळी त्यांचे पाय पाहा: जखम, फोड, लाली, भेगा, बोटांच्या बेचक्यांतसुद्धा. काही दिसलं तर लगेच घरातल्या मोठ्यांना सांगा. चप्पल घालण्याआधी ती उलटी करून झटका. उन्हाळ्यात देवळाच्या तापलेल्या फरशीवर त्यांना अनवाणी चालू देऊ नका. पाय शेकायला गरम पाण्याची पिशवी नको. पाय धुण्याचं पाणी किती गरम आहे, ते दुसऱ्या मोठ्या माणसाने आधी पाहायला हवं.

आणि त्यांचा खुर्चीवरचा वर्ग सुरू झाला, की शेजारी दुसरी खुर्ची टाकून तुम्हीही बसा. एकट्याने करायचा कंटाळा येतो हो! नातवंड सोबत असलं, की आजोबांची सुट्टी पडत नाही, हा आमच्या घरचा अनुभव आहे.