बरं करणाऱ्या हातांची भीती

मी चित्रकथा काढतो आणि काढायला शिकवतो. या कामात इतकी वर्षं गेल्यावर माझं एक मत पक्कं झालं आहे. नायकाला द्यायच्या शक्तींमध्ये दाखवायला सगळ्यांत अवघड शक्ती म्हणजे दुसऱ्याला बरं करण्याची. उडणारा माणूस कुणालाही काढता येतो. अंगावरचं कापड फडफडवलं, खाली छोटी घरं दाखवली की काम झालं. हातातून वीज सोडणारा त्याहून सोपा. पण स्पर्शानं जखम भरून आणणारा नायक आला की नवशिक्यांची पानं हमखास पडतात.

याचं कारण चित्रकथेच्या रचनेतच आहे. चित्रकथा म्हणजे चौकटी, आणि दोन चौकटींमधली पांढरी फट. पहिल्या चौकटीत रक्ताळलेला हात, दुसऱ्या चौकटीत निर्मळ हात. मधल्या फटीत सगळा आजार गडप होतो. खरी जखम अशी भरत नाही. रक्त थांबतं, सूज येते, पू होतो किंवा होत नाही, खपली धरते, खाज सुटते आणि शेवटी वण उरतो. या प्रत्येक पायरीला वेळ लागतो आणि तो वेळ रोग्याबरोबर घरातल्या कुणीतरी जागून काढलेला असतो. हे सगळं त्या फटीत लोटून दिलं की हाती राहते ती जादू, आणि फुकटच्या जादूत वाचकाचा जीव अडकत नाही.

शरीरशास्त्राच्या अंगानं पाहिलं तरी ही शक्ती भयंकर आहे. जखम भरते कारण पेशी वाढतात आणि योग्य वेळी थांबतात. थांबायचं विसरलेल्या पेशींनाच आपण कॅन्सर म्हणतो. हेन्रिएटा लॅक्स या अमेरिकन स्त्रीच्या गाठीतून 1951 साली घेतलेल्या पेशी आजही जगभरच्या प्रयोगशाळांत वाढताहेत. ती बाई त्याच वर्षी गेली. तेव्हा पेशींना ‘वाढा’ असं सांगू शकणाऱ्या नायकाच्या हाती संजीवनी असते तसंच विषही असतं. असा नायक आपल्या हातांना घाबरत नसेल, तर लेखकानं त्याच्यावर पुरेसा विचार केलेला नाही असं मी समजतो.

हा विचार ज्यानं शेवटपर्यंत नेला तो जपानी चित्रकथाकार म्हणजे ओसामू तेझुका. त्याचा जन्म 1928 चा, ओसाकाजवळच्या तोयोनाकाचा. लहानपणी त्याच्या दोन्ही हातांना बुरशीचा असा संसर्ग झाला की हात जातात की काय अशी वेळ आली. एका डॉक्टरनं ते वाचवले. पुढे ओसाका विद्यापीठात त्यानं वैद्यकाचं शिक्षण घेतलं, डॉक्टरकीचा परवाना मिळवला आणि 1961 साली गोड्या पाण्यातल्या गोगलगायींच्या शुक्रपेशींवर प्रबंध लिहून डॉक्टरेटही घेतली. दवाखाना मात्र त्यानं कधी थाटला नाही. तो मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, काढत राहिला.

‘फिनिक्स’ हे त्याचं आयुष्यभराचं काम. सुरुवात 1954 ची, पण आज आपण वाचतो ती मालिका 1967 पासून ‘कॉम’ या मासिकात उभी राहिली. त्याच वर्षी इकडे मुंबईत अनंत पै यांची ‘अमर चित्र कथा’ सुरू झाली. ‘फिनिक्स’च्या केंद्रस्थानी अग्निपक्षी आहे. त्याचं रक्त पिणाऱ्याला मरण नाही, त्याच्या पिसाच्या प्रकाशात रोग बरे होतात. पहिला भाग प्राचीन जपानमध्ये घडतो, दुसरा थेट 3404 सालात. पुढचे भाग असेच एकदा भूतकाळात, एकदा अंतराळयुगात जात वर्तमानाकडे सरकतात. वर्तमानाचा भाग काढायचा राहून गेला. 1989 च्या फेब्रुवारीत तेझुका गेला, वयाच्या साठाव्या वर्षी.

3404 सालच्या त्या दुसऱ्या भागातला मासातो हा साधा तरुण आहे. पृथ्वीचा पृष्ठभाग ओसाड झाला आहे, माणसं जमिनीखालच्या पाच शहरांत राहतात आणि त्यांचे निर्णय संगणक घेतात. दोन संगणकांचं भांडण विकोपाला जातं, अण्वस्त्रं सुटतात, माणूसजात संपते. मासातोला अग्निपक्षी अमरत्व देतो. ते त्यानं मागितलेलं नाही आणि नाकारायची सोयही नाही. जीवन पुन्हा रुजेपर्यंत त्यानं राखण करायची आहे. त्याला एक बंद शीतपेटी सापडते. आतला माणूस पाच हजार वर्षांनी जागा होणार आहे. मासातो तितकी वर्षं थांबतो. पेटी उघडते तेव्हा आत धूळ असते. आपल्याकडे अश्वत्थामा कपाळावरची न भरणारी जखम घेऊन, तेल मागत रानोमाळ हिंडतो असं सांगतात. मासातोची जात तीच. फरक इतकाच की त्याला तेल द्यायलाही कुणी उरलेलं नाही.

‘अंतराळ’ हा भाग मी विद्यार्थ्यांसमोर नेहमी उघडून ठेवतो. साल 2577. यान निकामी होतं आणि त्यातली माणसं एकेकट्या बचावकुपीत बसून बाहेर पडतात. कुप्या एकमेकींपासून दूर जात राहतात, बोलणं चालतं ते फक्त रेडिओवरून. तेझुका पानाच्या पट्ट्या पाडतो आणि एकेका कुपीला एकेक पट्टी देतो. एकाच क्षणी प्रत्येक जण काय करतोय ते शेजारी शेजारी दिसतं. सगळे एकाच पानावर, तरी कुणी कुणाला शिवू शकत नाही. ज्याच्याशी संपर्क तुटतो त्याची चौकट काळी होते. एरवी आजाराचा सगळा वेळ गिळणारी ती चौकटींमधली फट इथे अंतराळाची अमर्याद पोकळी होऊन बसते.

याच भागात माकीमुरा नावाचा अंतराळवीर आहे. एका परग्रहावर पक्ष्यांसारख्या जीवांच्या वस्तीत त्यानं संहार केला. त्याची शिक्षा म्हणून तो म्हातारपणाकडून तान्हेपणाकडे आणि पुन्हा म्हातारपणाकडे असा फिरत राहतो. शरीर सारखं नवं होत राहतं आणि तीच त्याची कैद ठरते. ‘पुनरुत्थान’ भागात लिओना नावाच्या तरुणाला डॉक्टर मेल्यावर परत आणतात, मेंदूच्या जागी कृत्रिम मेंदू बसवून. तो चालतो, बोलतो, पण जिवंत माणसं त्याला ढेकळांसारखी ओबडधोबड दिसतात, आणि चिहिरो नावाचा एक कामकरी यंत्रमानव तेवढा सुंदर मुलगी म्हणून दिसतो. शस्त्रक्रिया यशस्वी झाली. माणूस बरा झाला का, हा प्रश्न तेझुका डॉक्टर म्हणून विचारतो आणि उत्तराची घाई करत नाही.

पण बरं करण्याच्या शक्तीवरची माझ्या मते सगळ्यांत थोर चित्रकथा म्हणजे 1981 मधला छोटा भाग, ‘विचित्र जीव’. काळ पंधराव्या शतकातल्या यादवीचा. साकोन ही एका क्रूर सरदाराची मुलगी. बापानं तिला मुलगा म्हणून वाढवलं, हाती तलवार दिली, प्रेम करायचीही मुभा ठेवली नाही. बापाच्या नाकाला जीवघेणा रोग होतो. एक भिक्षुणी त्याला बरं करू शकते, तिच्याकडे अग्निपक्ष्याचं पीस आहे. बाप वाचला तर आपली सुटका नाही, हे ओळखून साकोन त्या भिक्षुणीला मारते. मग तिला त्या मठातून बाहेर पडता येत नाही. दाराशी रोगी येऊ लागतात. नाइलाजानं ती भिक्षुणीची वस्त्रं अंगावर घालते आणि पीस हाती घेते. आधी आसपासची माणसं येतात, मग जनावरं, मग कुठल्या कुठल्या जगांतले चित्रविचित्र जीव. सगळ्यांना बरं करायचं. हळूहळू तिला कळतं की ती तीस वर्षं मागे आली आहे. कुठेतरी एक मुलगी जन्मणार आहे आणि मोठी होऊन ती तलवार घेऊन याच दारात येणार आहे.

साकोनला नायिका व्हायचं नव्हतं. तिला एका माणसाला बरं होऊ द्यायचं नव्हतं, आणि त्याची भरपाई म्हणून तिला येईल त्या प्रत्येकाला बरं करावं लागतं. हे करता करता ती बदलते. सुरुवातीची टाळाटाळ जाते, समोरच्या जिवाबद्दल आस्था येते. चित्रकथाकार म्हणून मला यातलं मोठं शिक्षण हे वाटतं की इथे एकही उपचार फुकट नाही. प्रत्येक बरा झालेला जीव तिच्या मरणाकडचं एक पाऊल आहे, आणि ती तरीही दार बंद करत नाही.

ही समज परकी मानायचं कारण नाही. महाभारताच्या आदिपर्वात शुक्राचार्यांची, मेलेल्याला उठवणारी संजीवनी विद्या आहे. राक्षस त्यांच्या कच या शिष्याला जाळून त्याची राख मद्यातून शुक्राचार्यांनाच पाजतात. आता कचाला उठवायचं तर तो पोट फाडून बाहेर येणार आणि गुरू मरणार. म्हणून पोटातल्या शिष्यालाच विद्या द्यावी लागते. शेवटी शुक्राचार्यांची मुलगी देवयानी हिच्या शापानं ती विद्या कचाला स्वतःला फळत नाही, त्यानं शिकवलेल्यालाच फळते. शक्ती, तिची किंमत आणि तिची मर्यादा, तिन्ही एकाच कथेत. असा वारसा असताना आमच्या नव्या चित्रकथांतले वैद्य हात ठेवून निळा प्रकाश पाडतात आणि पुढच्या पानावर विसरून जातात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

नाइलाजानं नायक झालेल्या माणसाकडे आपण भित्रा म्हणून पाहतो. बरं करण्याच्या बाबतीत तरी हे चूक आहे. ज्याला आपल्या हातांची भीती वाटते त्यालाच रोग्याचं शरीर हे रोग्याचं आहे याची जाण असते. चांगला शल्यविशारद सुरी उचलण्याआधी ती उचलायची गरज आहे का, हे स्वतःला विचारतो. ‘फिनिक्स’मधली माणसं हा प्रश्न विचारायला शिकतात किंवा न विचारल्याची शिक्षा भोगतात.

मराठीत आज चित्रकथा काढू पाहणाऱ्या मुला-मुलींना माझं एवढंच सांगणं आहे: नायकाला बरं करण्याची शक्ती जरूर द्या, पण ती देण्याआधी तिची किंमत कोण मोजणार ते कागदावर लिहा, आणि ती किंमत फटीत न लपवता चौकटीत काढा. ‘फिनिक्स’चे खंड इंग्रजीत आले आहेत, मिळतील तिथून मिळवून वाचा. आणि प्रकाशकांना विनंती अशी की हे काम मराठीत आणायचा विचार करा. वेताळ आणि मँड्रेक मराठीत वाचून वाढलेल्या वाचकांना ते नक्की पेलेल.