दगडाआडचे आकाश

सह्याद्रीत हिंडणाऱ्याला आकाश किती लागते, हे सांदण दरीत उतरल्यावाचून कळायचे नाही. रतनगडाच्या शेजारी, साम्रद गावाजवळ डोंगराला पडलेली ही भेग! दोन्ही बाजूंना सरळसोट कडे आणि वर आकाशाची चिंचोळी पट्टी.

हातातले जीपीएस यंत्र इथे उघडून पाहावे. प्रत्येक उपग्रहाचा एक उभा पट्टा. तो जितका उंच, तितका संदेश जोरकस. सुमारे 20,000 किलोमीटरांवरून आलेली ती क्षीण हाक! आकडे दाखवणाऱ्या यंत्रावर मोकळ्या पठारात 40 ते 50 डेसिबल-हर्ट्झ दिसतात. तिशीच्या खाली हाकेची कुजबुज झाली म्हणावे. स्थान नीट ठरायला निदान 4 उपग्रह हवेत. पण दरीत डोक्यावरचे पट्टे ऐटीत उभे असूनही ठिपका भलतीकडे सरकतो. कारण सारे साक्षीदार एकाच कोपऱ्यात गोळा झालेले. शिवाय काही संदेश कड्यावर आपटून लांबच्या वाटेने आलेले. म्हणून यंत्रातल्या आकाशाच्या गोल नकाशात उपग्रह चहूकडे पांगले आहेत ना, हेही पाहावे.

हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर नेमके उलटे. धुक्यात पुढचे पाऊल दिसत नाही. उपग्रहांना मात्र धुके आडवे येत नाही. पट्टे उंचच उंच! तरीही पाच-दहा मीटरांची चूक राहतेच, आणि कड्याच्या काठावर तेवढी पुष्कळ झाली. तेव्हा मंडळी, तिथे यंत्र खिशात ठेवावे आणि धुके विरेपर्यंत स्वस्थ बसावे.