ओढीचे गणित आणि बैलाची मान

पदार्थविज्ञानाच्या पुस्तकात बलाचे चित्र एका बाणाने काढितात. बाण लांब असला म्हणजे बल मोठे, आखूड असला म्हणजे लहान. असे बाण आम्हीही शाळेत पुष्कळ काढिले. परंतु त्या बाणाच्या मुळाशी कोणाची तरी मान असते, ही गोष्ट आम्हांस वऱ्हाडातल्या बंडीने शिकविली.

वाशिम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यात इंझोरी हे गाव आहे. अशा गावी भरलेली बंडी जागची हलताना पाहावी. बैल गुडघे वाकवितात, मान खाली घालतात आणि सारा जोर एकवटतात. मात्र चाक एकदा फिरू लागले की तेच ओझे ते पुष्कळ सुखाने नेतात. हा जडत्वाचा नियम न्यूटनने 1687 साली ग्रंथात मांडिला. धुरकऱ्याने तो ग्रंथ पाहिलेला नसतो. तरी चढाच्या तोंडाशी बंडी थांबू द्यायची नाही, हे त्यास पक्के ठाऊक असते.

घर्षणास आपण सदैव दोष देतो आणि आखास वंगण घालून त्याची समजूत काढितो. परंतु खुराखाली घर्षण नसेल तर बैल एक पाऊलही पुढे टाकू शकणार नाही. तो जमिनीस मागे रेटतो, म्हणून जमीन त्यास पुढे लोटते. पावसाळ्यात काळी माती भिजली की सारा न्याय उलटा होतो. विरोध नको तेथे, म्हणजे चाकाच्या धावेशी, चिखल घट्ट धरून बसतो. आणि आधार हवा तेथे, म्हणजे खुराखाली, तो निसटतो.

याच मुलखातून, कारंज्यावरून, मूर्तिजापूर ते यवतमाळ अशी अरुंद रुळांची गाडी कापसाच्या व्यापारासाठी सुरू झाली. लोक तिला प्रेमाने ‘शकुंतला’ म्हणत. लोखंडी रुळावर लोखंडी चाक जवळजवळ रुतत नाही. त्यामुळे सपाटीवर भाराच्या हजारांतील थोड्या हिश्श्यांइतकी ओढ पुरते. मातीच्या वाटेवर बैलास याच्या कितीतरी पट ओढावे लागते.

रबरी धावेची चाके आली तेव्हा हे अंतर काहीसे कमी झाले. रबर जमिनीवर अधिक जागा व्यापते, म्हणून कमी रुतते. हा लाभ बैलांच्या वाट्यास यावयास हवा होता. आपण मात्र ओझे वाढविले. ओढत्या जनावरांविषयीच्या 1965 च्या नियमांनीही रबरी चाकांस अधिक भार मान्य केला.

चढावर तर वंगण आणि रबर दोन्ही थिटी पडतात. दहांत एक चढ असेल तर हजार किलोंच्या बंडीस सुमारे शंभर किलोंची ओढ जादा लागते. त्याच नियमांत एक शहाणपणाचे कलम आहे: किलोमीटरभर वा त्याहून लांब चढ असून तो तीस मीटरांत तीन मीटरांहून अधिक असेल, तर ओझे निम्म्यावर आणावे. कायदा आणि गुरुत्वाकर्षण यांचा असा मिलाफ क्वचितच दृष्टीस पडतो.

शिवाय ओझे किती, याइतकाच ते कोठे ठेविले हाही प्रश्न आहे. भार मागे गेला तर बंडी उलाळ होते, जू वर उचलले जाते आणि जुपण्या गळ्यास आवळतात. पुढे आला तर तो सारा मानेवर बसतो. आखाच्या दोन्ही बाजूंस भार तोलून रचणे हे तराजूचेच शास्त्र होय.

पोळ्याच्या आदल्या दिवशी वऱ्हाडात बैलांचे खांदे शेकून त्यांस तूप-हळद चोळतात. ही रीत आम्हांस फार प्रिय आहे. परंतु वर्षभराच्या ओढीचे ऋण एका दिवसाच्या तुपाने फिटत नाही. पोते हातभर सरकवून आखावर आणणे, चढापाशी निम्मा माल उतरविणे आणि आखास वेळेवर वंगण देणे, ही त्या ऋणाची रोजची फेड होय, असे आम्हांस वाटते.